सेंटओएस 5 (लिनक्स) वर एक्सएफएस (फॉन्ट पुरवणारी सर्व्हिस) उठत नाही, एक्स (पडद्यावर खिडक्या दाखवणारा प्रोग्रॅम) सुरू होताच पडतो

प्रश्न (इंदूर, सियागंज)
छापखान्यातलं एक जुनं मशीन आहे, सेंटओएस 5. त्यावरचं कटरचं सॉफ्टवेअर नव्या सिस्टिमवर चालत नाही, म्हणून ठेवलंय. लाइट जाऊन आल्यापासून लॉगिनचा पडदा येत नाही, स्क्रीन चार-पाच वेळा लुकलुकते आणि "रिस्पॉनिंग टू फास्ट, डिसेबल्ड फॉर 5 मिनिट्स" असं येतं. एक्सच्या लॉगमध्ये शेवटी "कुड नॉट ओपन डिफॉल्ट फॉन्ट फिक्स्ड". त्याआधी डिस्कवर जागा करायला कुणीतरी /टीएमपी (तात्पुरत्या फाइलींचं फोल्डर) उडवून नवं बनवलं होतं. ग्राफिक कार्डाचा ड्रायव्हर पुन्हा टाकू का?

उत्तर 1
ड्रायव्हरला हात लावू नका. फॉन्ट मागण्यापर्यंत एक्स पोचला, म्हणजे कार्ड ठीक आहे. कंट्रोल-ऑल्ट-एफ2 दाबून रूटने (सगळे अधिकार असलेल्या युजरने) लॉगिन करा, "टेलइनिट 3" द्या, म्हणजे मशीन नुसत्या अक्षरांच्या मोडमध्ये जाईल आणि लुकलुक थांबेल. मग "सर्व्हिस एक्सएफएस स्टेटस". बहुधा "डेड बट सबसिस लॉक्ड" दिसेल.

तुमचा संशयित /टीएमपीच आहे. "एलएस -एलडी /टीएमपी" करा. परवानग्यांचं शेवटचं अक्षर टी हवं. रूटने साधं एमकेडिर (फोल्डर बनवायची कमांड) केलं की 755 बसतं, म्हणजे रूटशिवाय कुणाला त्यात लिहिता येत नाही. एक्स रूट म्हणून चालतो, त्याला फरक पडत नाही. पण एक्सएफएस रूटचे अधिकार सोडून "एक्सएफएस" या युजरने चालतो. त्याला /टीएमपी/.फॉन्ट-युनिक्स/एफएस7100 हे सॉकेट (एक्सने त्याच्याशी बोलायची जागा) बनवताच येत नाही. उपाय:

सीएचमॉड 1777 /टीएमपी
सर्व्हिस एक्सएफएस रीस्टार्ट
एफएसएलएसफॉन्ट्स -सर्व्हर युनिक्स/:7100

फॉन्टांची यादी आली की "टेलइनिट 5". लोकलहोस्ट:7100 देऊन तपासू नका. कॉन्फिगमध्ये "नो-लिसन = टीसीपी" (नेटवर्कवरून ऐकू नको) असतं, त्यामुळे सर्व्हिस धडधाकट असूनही नकार येईल.

"डीएफ -एच" बरोबर "डीएफ -आय" पण बघा. जागा शिल्लक असून आयनोड (फाइलींच्या नोंदींच्या जागा) संपलेले असू शकतात. आणि नेटवर शोधताना सावध: एक्सएफएस नावाची फाइलसिस्टिमही आहे, तिचे उपाय इथे चालवू नका.

प्रश्नकर्ता
755च होतं. आता पडदा आला, धन्यवाद! पण आमचे जास्तीचे टीटीएफ फॉन्ट सॉफ्टवेअरच्या यादीतून गायब आहेत. ते ऑपरेटरच्या होम फोल्डरमध्ये आहेत.

उत्तर 2
होम फोल्डर सहसा 700 असतं, म्हणजे मालकाशिवाय कुणाला उघडत नाही, मग एक्सएफएस युजर आत शिरणार कसा? असं पडताळा: एसयू -एस /बिन/एसएच एक्सएफएस -सी "एलएस" आणि पुढे फोल्डरचा मार्ग. (-एस लागतोच, कारण त्या युजरला लॉगिन शेल नाही.) "परमिशन डिनाइड" आलं तर फॉन्ट /यूएसआर/शेअर/फॉन्ट्स खाली वेगळ्या फोल्डरात हलवा, फोल्डर 755, फाइली 644.

त्या फोल्डरात आधी एमकेफॉन्टस्केल, मग एमकेफॉन्टडिर चालवा (दोन्ही फॉन्टांच्या याद्या बनवतात). क्रम उलटा केलात तर फॉन्ट्स.डिरमध्ये टीटीएफ येणारच नाहीत. शेवटी "सीएचकेफॉन्टपाथ --अॅड" आणि मार्ग. /ईटीसी/एक्स11/एफएस/कॉन्फिग हाताने लिहायला जाल तर कॅटलॉगच्या (फॉन्ट फोल्डरांच्या) यादीत शेवटची ओळ सोडून प्रत्येक ओळीला स्वल्पविराम लागतो, आणि शेवटच्या ओळीला चुकून दिला तर पुढची सेटिंगसुद्धा यादीत ओढली जाते. चालू एक्समध्ये "एक्ससेट एफपी रिहॅश" करून सॉफ्टवेअर बंद-चालू करा.

उत्तर 3
एकच मशीन असेल तर एक्सएफएस मधे हवाच कशाला? एक्सऑर्ग.कॉन्फ (एक्सची सेटिंग फाइल) मधली "युनिक्स/:7100" ही फॉन्टपाथची ओळ काढा आणि फोल्डरांचे मार्ग थेट द्या. पहिली ओळ /यूएसआर/शेअर/एक्स11/फॉन्ट्स/मिस्क, कारण "फिक्स्ड" तिथेच आहे. जुनी फाइल आधी कॉपी करून ठेवा.

मराठी मजकूर जीनोमच्या (डेस्कटॉपच्या) प्रोग्रॅममध्ये चौकोनी दिसत असेल तर त्यात एक्सएफएसचा हात नाही. ते फॉन्टकॉन्फिग (फॉन्ट शोधणारी वेगळी व्यवस्था) बघतं, तिथे "एफसी-कॅश -एफ -व्ही" चालवा.