सोनवणे भाऊंची दाढ आणि चौधरी अण्णांची गाडी

सोनवणे वहिनी (ए-103), रात्री 9:12
नमस्कार. ग्रुपचा विषय नाही, तरी विचारते. यांची खालची डावी दाढ चार दिवस ठणकतेय. डेंटिस्टने एक्स-रे काढून रूट कॅनल सांगितलं. हे म्हणतात, नस कापायचे पैसे घेतात, मी नाही करणार. कोणी केलंय का?

चौधरी अण्णा (ए-301), 9:14
वहिनी, काही करू नका. 5 दिवस अँटीबायोटिक. माझी दाढ 2 वर्षांपूर्वी अशीच ठणकत होती, गोळ्यांनी गप्प बसली. अनुभवाचे बोल 🙏

भंगाळे भाऊ (बी-101), 9:15
तीच ना अण्णा, भरीत पार्टीत कळण्याच्या पुरीतून बाहेर आली ती? 😂

चौधरी अण्णा, 9:16
तो तुकडा होता. दाढ जागेवर आहे.

पाटील काकू (बी-202), 9:18
वरची काढली तर नजर जाते म्हणतात. खालचीचं माहीत नाही बाई. लवंगेचं तेल लावून बघा.

रेवती (बी-302), 9:24
काकू, नजरेचा काही संबंध नाही, डोळ्याची नस वेगळी. लवंगेच्या तेलाने ठणका थोडा वेळ कमी होतो, आतली कीड तशीच राहते.
दाढेच्या आत मऊ गाभा असतो, त्यात नसा आणि रक्तवाहिन्या. कीड तिथवर गेली की तो सुजतो. भोवती कडक भिंत, सुजून जाणार कुठे? म्हणून रात्री आडवं झालं की ठणका वाढतो. पुढे गाभा मरतो आणि दुखणं एकदम थांबतं. माणूस खूश होतो. जंतू मात्र मुळाच्या टोकातून हाडात उतरतात, तिथे पू होतो.

चौधरी अण्णा, 9:25
त्यालाच तर अँटीबायोटिक. 5 दिवस.

रेवती, 9:29
अण्णाकाका, गोळी रक्तातून पोचते. मेलेल्या गाभ्यात रक्त जातच नाही. सूज तात्पुरती उतरते, घर आतून तसंच घाण.
रूट कॅनल म्हणजे ते घर साफ करणं. भूल देऊन दाढेला वरून छिद्र पाडतात, बारीक फाइलींनी मुळांच्या नळ्या घासतात, औषधाने धुतात आणि गटापर्चाने भरून बंद करतात. गटापर्चा म्हणजे झाडाचा चीक, रबरासारखा. खालच्या दाढेत बहुतेक 3 नळ्या, वरच्या पहिल्या दाढेत पुष्कळदा 4. एक जरी राहिली तरी पुन्हा दुखतं, म्हणून वेळ लागतो. वर कॅप घ्यायचीच, पोखरलेली दाढ चावताना तडकते.

महाजन (बी-204), 9:31
छान सांगितलं बेटा. आमच्या हिने कॅपचे पैसे वाचवले होते. आठ महिन्यांत शेंगदाण्याने दाढ उभी फुटली, मग काढावीच लागली.

महाजन वहिनी (बी-204), 9:32
पैसे कोणी वाचवले ते सांगा ना ग्रुपवर.

भंगाळे भाऊ, 9:33
🍿

सेक्रेटरी, 9:35
कृपया खासगी विषय टाळावेत. तसेच ए विंगच्या खाली पुन्हा आडवी गाडी लागली आहे. कोणाची ते सर्वांना माहीत आहे.

चौधरी अण्णा, 9:36
नाव घेऊन बोलावे. माझ्या जागेत टँकरचा पाइप पडलेला असतो, तेव्हा सेक्रेटरी कुठे असतात?

सोनवणे वहिनी, 9:38
आता यांच्या जबड्याखाली टणक सूज आलीय. तोंड एक बोटभर उघडतंय. ताप 101. शुगर पण आहे यांना.

महाजन, 9:38
पाइपचा विषय मार्चमध्येच मिटला आहे. मिनिट्स काढू का?

चौधरी अण्णा, 9:39
काढाच. 44 डिग्रीत मी गाडी रस्त्यावर ठेवायची, अन् पाइप सावलीत?

भंगाळे भाऊ, 9:41
दात त्यास्ना दुखी राहिना, अन् डोकं आमनं खाई राहिनात तुम्ही 😂

चौधरी अण्णा, 9:44
वहिनी, वरचा मेसेज परत टाकतो, कोणी वाचत नाही. 5 दिवस अँटीबायोटिक.

रेवती, 9:47
सोनवणे काकू, मेसेज आत्ता पाहिला. थांबू नका, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल. काकांना थुंकी गिळता येतेय का? जबड्याखालची सूज घशाकडे पसरली तर श्वास अडकतो. शुगर असेल तर आणखी लवकर पसरते. सकाळची वाट बघू नका. गरम शेक देऊ नका. शुगरच्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत घ्या.

सोनवणे वहिनी, 9:48
गिळताना त्रास होतोय. खाली उतरलो. आमच्या गाडीमागे गाडी आहे.

सेक्रेटरी, 9:48
अण्णा!!!

महाजन, 9:49
अण्णा फोन उचला

चौधरी अण्णा, 9:50
उतरतोय. चावी सापडली. वहिनी, तुमची काढू नका, माझीत बसा, मी सोडतो.

गुरुवार

सोनवणे वहिनी, सकाळी 7:20
रात्रीच अॅडमिट केलं. चीर देऊन पू काढला, सलाईनमधून औषधं चालू आहेत. आज तोंड थोडं उघडतंय. दाढ वाचणार की काढायची, ते सूज उतरल्यावर एक्स-रे बघून सांगणार. अण्णा पहाटे 3 पर्यंत बाकावर बसून होते. आभार.

सेक्रेटरी, 7:31
सोनवणे भाऊंना आराम पडो 🙏 ए विंगखाली आता पिवळे पट्टे मारून घेऊ. खर्च सर्वांनी समान.

महाजन, 7:33
समान का? बी विंगचा काय संबंध?

चौधरी अण्णा, 7:40
रेवती, त्या गप्प बसलेल्या दाढेजवळ हिरडीला एक पुळी येते. फुटते, खारट लागतं, मग महिनाभर काही नाही. दुखत नाही. ते काय

चौधरी अण्णा, 7:41
हा मेसेज डिलीट करण्यात आला

रेवती, 7:42
वाचला अण्णाकाका. ती पू बाहेर पडायची वाट आहे, म्हणूनच दुखत नाही. आजच एक्स-रे काढा.

भंगाळे भाऊ, 7:43
अण्णा, 5 दिवस अँटीबायोटिक 🙏