धातूंच्या कॉम्प्लेक्सची जीवाणूविरोधी चाचणी: वलय दिसले, पुढे काय?

प्रश्न (एम.एस्सी. विद्यार्थिनी, नांदेड)
नमस्कार. मी सॅलिसिलाल्डिहाइडपासून शिफ बेस (एक प्रकारचे सेंद्रिय संयुग) तयार करून त्याचे तांबे, कोबाल्ट आणि झिंक यांच्यासोबत कॉम्प्लेक्स, म्हणजे धातूला रेणू जोडून बनलेली संयुगे, बनवले आहेत. तांब्याच्या कॉम्प्लेक्सच्या डिस्कभोवती (संयुग शोषलेल्या कागदी चकतीभोवती) स्टॅफिलोकोकस ऑरियस या जीवाणूची वाढ थांबून मोकळे वलय दिसले, ई. कोलाय या जीवाणूवर मात्र जवळपास काहीच परिणाम दिसला नाही. जुन्या प्रबंधांत एवढ्यावरूनच ‘भावी प्रतिजैविक’ असा निष्कर्ष काढलेला आढळतो. तो मी लिहावा का?

उत्तर (निवृत्त प्राध्यापक, छत्रपती संभाजीनगर)
कृपया लिहू नका. तांब्याचे साधे क्षारही जीवाणूंना मारतात; त्यामुळे परिणाम कॉम्प्लेक्सचा की त्यातून सुटलेल्या तांब्याचा, हे ठरवण्यासाठी नुसता लिगंड (धातूला जोडलेला रेणू, इथे शिफ बेस), नुसते कॉपर ॲसिटेट आणि नुसते द्रावक यांची चाचणी कॉम्प्लेक्सच्या बरोबरीनेच घ्यावी लागते. शिवाय वलयाचा आकार रेणू आगरमध्ये (जीवाणू वाढवण्याच्या जेलीसारख्या माध्यमात) किती पसरतो यावरही ठरतो, आणि पाण्यात न विरघळणारे कॉम्प्लेक्स प्रभावी असूनही डिस्कपाशीच अडकून राहू शकते. म्हणून ब्रॉथमध्ये (द्रव पोषक माध्यमात) एमआयसी, म्हणजे वाढ रोखणारी किमान मात्रा काढा.

ई. कोलायचे नवल वाटू देऊ नका. ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह गटातील जीवाणूंचे बाह्य पटल पुष्कळ रेणूंना आत शिरू देत नाही. संधिवातासाठी १९८५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले ऑरानोफिन हे सोन्याचे संयुगही प्रयोगशाळेत स्टॅफवर उत्तम चालते, ग्रॅम-निगेटिव्हवर फारसे नाही.

तरीही हा विषय दुर्लक्षित राहिला, याचे मला मनापासून वाईट वाटते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या, नवी प्रतिजैविके शोधणाऱ्या को-ॲड उपक्रमात तपासलेल्या ९०६ धातुयुक्त संयुगांचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतील सुमारे २७ टक्के संयुगे एखाद्या तरी जीवाणूवर किंवा बुरशीवर प्रभावी ठरली, तर त्याच संग्रहातील धातू नसलेल्या रेणूंमध्ये हे प्रमाण १.६ टक्के होते. मानवी पेशींना अपाय न करता परिणाम दाखवणारी संयुगे मात्र ८८ उरली. तुमच्या प्रबंधातही विषारीपणाची चाचणी हवीच. निदान तांबड्या रक्तपेशी फुटतात का, एवढे तरी पाहा.

उत्तर (वैद्यकीय अधिकारी, अंबाजोगाई)
धातूंची औषधे रुग्णापर्यंत पोहोचलेली आहेत. भाजलेल्या जखमेवरील सिल्व्हर सल्फाडायझीनचे पांढरे मलम आमच्या रोजच्या ओळखीचे आहे, आणि पोटातील हेलिकोबॅक्टर पायलोरीवरील एका उपचारात बिस्मथचा क्षार इतर प्रतिजैविकांसोबत दिला जातो. १९१० मध्ये बाजारात आलेले, उपदंशावरचे साल्व्हर्सान आर्सेनिकचे होते. मात्र जखमेवर लावणे वेगळे आणि रक्तात सोडणे वेगळे. हे वाचून कुणीही ताम्रभस्म स्वतःच्या मनाने घेऊ नये, ही कळकळीची विनंती.

प्रश्नकर्ती
सर, डॉक्टरसाहेब, आभारी आहे. माझे कॉम्प्लेक्स फक्त डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड) या द्रावकात विरघळते. त्याने अडचण येईल का?

उत्तर (निवृत्त प्राध्यापक)
येऊ शकते. डीएमएसओ स्वतः धातूला जोडला जाऊन लिगंडची जागा घेऊ शकतो. द्रावण ताजे असताना आणि चोवीस तासांनी यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रम (कोणता प्रकाश किती शोषला जातो याचा आलेख) घेऊन तुलना करा. त्यात फरक पडला, तर जीवाणूंना नेमके कोणते संयुग दिले गेले हे आधी शोधावे लागेल.