शब्दचर्चा: 'केमिकल फ्लडिंग'ला काय म्हणावं?

– राजस्थानातल्या बाडमेरच्या मंगला तेलक्षेत्रावरचा लेख मराठीत करते आहे. 'केमिकल फ्लडिंग', म्हणजे रसायनं मिसळलेलं पाणी जमिनीत सोडून तेल काढणं, त्यासाठी 'रासायनिक पूर' लिहिलं आणि थबकले. कारखान्याचं पाणी नदीत शिरल्यासारखं वाटतं. 'ऑइल रिकव्हरी'ला 'तेल पुनर्प्राप्ती' चालेल?

– पूर नकोच. पूर येतो, कोणी पंपाने आणत नाही. इथे एका विहिरीतून दाबाने पाणी सोडतात, ते तेलाला दुसऱ्या विहिरीकडे ढकलत नेतं. 'रेटा' म्हणा. 'आप्लावन' म्हणताना जीभ अडखळते.

– अशा कामावर काही वर्षं होतो. आम्ही सगळे 'पॉलिमर फ्लड'च म्हणायचो. साधं पाणी तेलापेक्षा पातळ, त्यामुळे तेल ढकलायचं सोडून मधूनच वाट काढून पुढे पळतं. म्हणून त्यात पॉलिअ‍ॅक्रिलामाइड हे पॉलिमर कालवायचं. दिसायला बारीक साखर, पण भिजल्यावर बोट बुडवून उचललं की भेंडीसारखी तार सुटते! मंगलाला हेच करतात. चीनच्या दाचिंग तेलक्षेत्रात तर १९९६पासून मोठ्या प्रमाणावर चालू आहे.
पण 'रेटा' पॉलिमरलाच शोभतो. दुसरं रसायन सर्फॅक्टंट, ते खडकाच्या छिद्रांत अडकलेलं तेल सोडवतं, तेलकट कढईला साबण लावावा तसं. तिसरं अल्कली, म्हणून बऱ्याचदा धुण्याचा सोडाच वापरतात. तेलातल्या आम्लांशी मिळून त्याचा जमिनीखालीच साबण होतो. त्याला रेटा कसं म्हणणार? ती धुलाई झाली.

– धुतलेलं तेलही शेवटी रेटूनच बाहेर काढायचं ना? मग 'रासायनिक रेटा' तिघांनाही पुरतो.
'पुनर्प्राप्ती' मात्र साफ चूक. हरवलेलं परत मिळालं तर पुनर्प्राप्ती. हे तेल आपल्या हाती कधी होतं? आमच्या साखर कारखान्यात रिकव्हरीला 'उतारा' म्हणतात. यंदा उतारा साडेअकरा, की गावभर चर्चा. तेलाचाही उताराच.

– थोडा फरक आहे. साखरेचा उतारा उसाच्या वजनावर काढतात, तेलाचा मुळात खडकात असलेल्या तेलावर. म्हणून तेलाचा आकडा तीस-पस्तीस टक्के असू शकतो. पण शब्द झकास! फक्त 'विहिरीवर उतारा' असं लिहू नका, लोक लिंबू शोधतील.

– 'रासायनिक रेटा' आणि 'तेलाचा वाढीव उतारा' लिहून पाठवलं. संपादकांनी 'रेटा' ठेवला. 'उतारा'खाली रेघ मारून विचारलंय, "सातबाराचा का?"