बँजो पार्टीच्या पोरांना उपज शिकवायची, तर कॉर्नेल ऐकवावं की व्हेनेटा?

गिरणाकाठ
जळगाव-धुळ्याकडच्या वरातीत वाजवणाऱ्या बँजो पार्ट्यांत तयार हाताची पोरं भरपूर आहेत. गाणं संपल्यावर पुढची दहा मिनिटं काय वाजवायचं, म्हणजे उपज, आयत्या वेळी सुचेल तसं वाजवणं, तिथं अडतं. माझं स्पष्ट मत: त्यांना ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बॅण्डचा ८ मे १९७७ चा कार्यक्रम ऐकवा, कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमधला. दुसऱ्या सत्रात 'स्कार्लेट बिगोनियाज'मधून न थांबता 'फायर ऑन द माउंटन'मध्ये जातात ती २५ मिनिटं. सा पांढरी सात, म्हणजे पेटीची सातवी पांढरी पट्टी. 'फायर'मध्ये कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) दोनच, सा-ग-प आणि कोमल नी-रे-म. म्हणजे खमाज रागाचेच सूर, पोरांच्या कानाला परके नाहीत. गिटारवाला जेरी गार्सिया दोन-तीन सुरांत रेंगाळतो, जागा सोडतो, मग वर चढतो. घाई कुठेच नाही.

सातपुडा ढोल
भाऊ, मला हे पटत नाही. दोन कॉर्डचं चक्र फिरत राहतं, पडायची भीतीच नाही. त्याला मी सुंदर विस्तार म्हणेन. उपज ऐकायची तर याच बॅण्डचा २७ ऑगस्ट १९७२ चा कार्यक्रम, व्हेनेटा, ओरेगन. तिथलं 'डार्क स्टार' हे गाणं अर्ध्या तासाचं आहे. दुसरा ड्रमर मिकी हार्ट १९७१ च्या फेब्रुवारीत बॅण्ड सोडून गेला होता, म्हणून ड्रमवर एकटा बिल क्रॉइट्झमन. एकटा असल्यामुळे तो ठेका विरघळू देऊ शकतो. दुसऱ्या ड्रमरशी जुळवायची गरजच नाही. सूरही सुटतात, सम कुठे ते कळेनासं होतं, आणि त्या गोंधळातून बॅण्ड थेट 'एल पासो' या तीनच्या लयीतल्या गाण्यात उतरतो. हे आधी ठरवून साधत नाही, एकमेकांचं ऐकूनच साधतं.

भुसावळ लाईन
ढोल दादा, ऐकायला व्हेनेटा थोरच. पण प्रश्न शिकवण्याचा आहे. वरातीत ठेका विरघळला की नाचणारे जागेवर थांबतात आणि नवरदेवाकडचे बँजोवाल्याकडे बघायला लागतात. आधी चक्र पक्कं हवं. कॉर्नेलवरून सराव असा बसवता येतो: कॅसिओ कीबोर्डवर पहिली कॉर्ड ८ मात्रा, दुसरी ८ मात्रा. बँजोवाल्यानं पहिली चार आवर्तनं फक्त सा, रे, ग वापरायचे. पुढची चार आवर्तनं एक वाजवायचं, एक सोडायचं. त्यानंतरच वरचा सप्तक.

चूक ठरलेली असते. दुसऱ्या कॉर्डवर पोरगं ग धरून बसतं. खाली बेसला कोमल नी असतो, आणि ती जोडी कानाला टोचते. तिथं रे नाहीतर म वर थांबायचं. ग नुसता जाता जाता घ्यायचा.

दुसरी चूक वादकांची. ढोल आणि ऑक्टोपॅड दोघंही प्रत्येक मात्रा भरतात, मग बँजोला श्वास घ्यायला जागा उरत नाही. कॉर्नेलला हार्ट परत आलेला, म्हणून दोन ड्रमर आहेत, तरी गिचमिड होत नाही.

चोपडा रोड
यात एक दुवा राहिला. 'फायर'ची चाल आधी 'हॅपिनेस इज ड्रमिंग' या नावानं आली, १९७६ च्या 'दिगा' अल्बममध्ये. त्या दिगा रिदम बँडमध्ये मिकी हार्टबरोबर झाकीर हुसेन होते. चाल तालवाल्यांच्या घरातून आलीय, म्हणून ती ठेक्यावर इतकी घट्ट बसते.

पण कॉर्नेलच्या कीर्तीत ध्वनिमुद्रणाचा वाटा मोठा आहे, हे मान्य करायला हवं. बॅण्डची ध्वनिमुद्रक बेटी कँटर-जॅक्सन हिची टेप इतकी स्वच्छ आहे की बेस, कीबोर्ड, दोन्ही ड्रम वेगवेगळे ऐकू येतात. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं ती २०११ च्या जपणुकीच्या यादीत घेतली. अधिकृत अल्बम २०१७ मध्ये आला. शिकणाऱ्याला स्वच्छ टेपचा फायदाच आहे, पण त्यावरून ती रात्र सर्वश्रेष्ठ ठरत नाही.

सातपुडा ढोल
भुसावळ भाऊंचा सराव चांगला आहे, मी नाकारत नाही. माझी हरकत वेगळी आहे. चक्राची सवय लागलेलं पोरगं चक्र मोडलं की हात वर करतं. कॅसिओवाल्याची कॉर्ड चुकली, जनरेटर दमला, मिरवणूक मध्येच वळली, तेव्हा कान लागतो. म्हणून आठवड्यातून एकदा तरी बिनठेक्याची बैठक हवी. ढोल बाजूला, ताशा बाजूला. एकानं सूर धरायचा, दुसऱ्यानं तो ऐकून उत्तर द्यायचं, आणि तिसऱ्यानं दोघांचं होईस्तोवर गप्प बसायचं. सगळ्यात अवघड ते तिसऱ्याचं काम.

गिरणाकाठ
बिनठेक्याची बैठक मंजूर, पण दोन महिन्यांनी. त्याच्या आधी कॉर्नेलच्याच दुसऱ्या सत्रातलं 'एस्टिमेटेड प्रॉफेट' हे गाणं घ्या. सात मात्रांचं आहे. सात मात्रांचा रूपक ताल ठाऊक असलेल्याला मोजायला अवघड नाही, पण आठ मात्रांच्या केरव्यात वाढलेला हात आठवी मात्रा भरायला धावतो. ताशावाल्याला आधी नुसती पहिली मात्रा द्यायला लावा, बाकी सहा रिकाम्या.

सातपुडा ढोल
सात मात्रांवर एकमत. दोन महिन्यांवर नाही. पहिल्याच आठवड्यात बसवा.