शिडाच्या छोट्या होडीतून दोघेच मुंबई ते पणजी: मुक्काम कसे ठरवावेत?

प्रश्न

माझे पती आणि मी गेल्या वर्षी निवृत्त झालो. आमची २६ फुटी शिडाची होडी असून तिला लहान डिझेल इंजिन आहे. मात्र आजवर ती आम्ही मुंबई बंदर ते मांडवा एवढ्याच पाण्यात चालवली आहे. येत्या डिसेंबरअखेर किनाऱ्याने पणजीपर्यंत जावे आणि महिनाभर होडीवरच राहावे, असा बेत आहे. रात्री प्रवास नको, रोज उजेडात खाडीत शिरून नांगर टाकावा, असा माझा आग्रह आहे, तर पहाटेचा मतलई (जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा) वारा वाया घालवू नये, असे पतींचे म्हणणे आहे. सुकाणू बहुधा त्यांच्याच हाती असते, याचीही मला काळजी वाटते. या वाटेने गेलेल्यांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर

ताई, आम्ही दोघे दोन हिवाळे या किनाऱ्यावर होतो. तुमचे दोघांचेही म्हणणे सांभाळता येते. मतलई वारा सकाळी बऱ्याच वेळ टिकतो, त्यामुळे तांबडे फुटताना नांगर उचलला तरी त्याचा पुरेसा लाभ मिळतो. दुपारी वायव्येचा वारा धरतो आणि दक्षिणेकडे जाताना तो पाठीशी असतो. (परतताना हाच वारा तोंडावर येतो, म्हणून परतीसाठी जास्त दिवस राखून ठेवा.) मुंबई ते मुरूड आणि मुरूड ते दाभोळ हे टप्पे प्रत्येकी सुमारे ४० सागरी मैलांचे आहेत. ताशी साडेचार मैलांनी नऊ तास लागतात आणि डिसेंबरात उजेड जेमतेम अकरा तासांचा असतो, तेव्हा वेग घटताच इंजिन सुरू करावे. पुढे जयगड जवळ आहे, विजयदुर्ग लांब. मालवणला सिंधुदुर्गाभोवती पाण्याखाली खडक आहेत, तिथे ऊन कलण्याआधीच पोहोचावे.

वेळ ठरवताना घड्याळाच्या आधी भरतीचे कोष्टक पाहावे. ओहोटीचे पाणी खाडीतून बाहेर पडत असताना समोरून वायव्येचा वारा आला की मुखावरच्या वाळूच्या दांड्यावर लाटा उभ्या राहून फुटतात. एकदा घाईने आम्ही अशा वेळी शिरलो आणि होडीचा तळ दोनदा वाळूवर आपटला. तो आवाज पायांतून अंगभर जातो. तेव्हापासून भरती निम्मी चढेपर्यंत आम्ही बाहेरच थांबतो.

उत्तर

आमचे घराणे रत्नागिरीकडचे, मासेमारीचे. रात्रीच्या प्रवासाविषयी ताईंचा आग्रह योग्य आहे, आणि त्याचे मोठे कारण जाळी हेच आहे. मुंबई-रायगडच्या उथळ पाण्यात खुंटांना बांधलेली डोल जाळी असतात, तर दक्षिणेकडे वाहत्या जाळ्यांचे बोये मैलभर पसरलेले असतात. दिवसा काठीवरचे फडके दिसते. रात्री दोर पंख्यात गुंतला की इंजिन बंद पडते आणि मच्छीमाराचेही नुकसान होते. वाटेत होडी भेटल्यास हात करून तांडेलाला (होडीच्या म्होरक्याला) विचारावे, तो जाळ्याचे टोक दाखवतो.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनःपूर्वक आभार. नांगराची साखळी किती सोडावी?

उत्तर

ताई, खोली मोजताना पुढची भरती धरावी. ओहोटीला ३ मीटर पाणी, त्यावर अडीच मीटर भरती आणि पाण्यापासून नाळेची (होडीच्या पुढच्या टोकाची) उंची १ मीटर, असे साडेसहा मीटर झाले. त्याच्या पाचपट, म्हणजे सुमारे ३३ मीटर साखळी सोडावी.

सुकाणूविषयी मात्र मी आग्रहाने सांगेन. निघण्यापूर्वी निदान सहा वेळा मांडव्याला होडी तुम्ही एकटीने आणावी, शीड उतरवावे आणि नांगर टाकावा, आणि यजमानांनी तोवर कशालाही हात लावू नये. या किनाऱ्यावरच्या आमच्या दुसऱ्या हिवाळ्यात माझ्या पतींना तापाने ग्रासले, तेव्हा जयगडच्या खाडीत होडी मी एकटीने नेली, आणि ती नेता आली ती या सरावामुळेच. होडीची नोंदणी आणि दोघांची ओळखपत्रे हाताशी ठेवा, प्रत्येक मुक्कामी सागरी पोलिसांना कळवा, आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक सुकाणूजवळ लिहून ठेवा.