मदत हवी आहे: पायथनच्या राउंडमुळे बिलात एक पैसा कमी येतोय

प्रश्न:
पायथन ३ मध्ये बिलाची स्क्रिप्ट आहे. १२.५० वर ९ टक्के सीजीएसटी १.१२५ होतो. राउंड(१.१२५, २) दिलं की १.१२ येतं, एक्सेल मात्र १.१३ दाखवतं. ५३.५० वर ५ टक्के आयजीएसटी काढताना आणखीच घोळ: ५३.५ * ०.०५ राउंड केलं तर २.६८, आणि ५३.५ * ५ / १०० केलं तर २.६७. हिशेब तोच, मग उत्तरं दोन कशी?

उत्तर:
दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

१.१२५ बायनरीत (संगणकाच्या ०-१ च्या पद्धतीत) तंतोतंत बसतो (नऊ अष्टमांश), म्हणजे तो १.१२ आणि १.१३ च्या खरोखरच मधोमध आहे. अशा वेळी पायथन ३ चा राउंड शेवटचा अंक सम ठेवतो, म्हणून १.१२. राउंड(२.५) चे २ आणि राउंड(३.५) चे ४ होतात तेही याचमुळे. पायथन २ मध्ये २.५ चे ३.० व्हायचे, तेव्हा जुना कोड आणला असेल तर तपासा.

२.६७५ बायनरीत बसतच नाही. डेसिमल (पायथनचा दशांश अचूक ठेवणारा प्रकार) वापरून डेसिमल(२.६७५) अवतरणचिन्हांशिवाय छापून बघा: २.६७४९९९९९९९९९९९९८२२… मधोमधच्या जरा खाली, म्हणून २.६७. उलट ०.०५ किंचित मोठा साठवला जातो, त्यामुळे गुणाकार २.६७५००००००००००००३ येतो आणि तो वर जातो.

उपाय: पैशांसाठी फ्लोट (बायनरीत साठवलेली दशांश संख्या) नको. किंमत आणि दर दोन्ही स्ट्रिंगमधून (अवतरणचिन्हांतल्या मजकुरातून) घ्या, डेसिमल('५३.५०') * डेसिमल('०.०५'), आणि मग .क्वांटाइझ(डेसिमल('०.०१'), राउंडिंग=राउंड_हाफ_अप), म्हणजे दोन दशांशांपर्यंत आणा आणि मधोमधची रक्कम शून्यापासून दूर न्या. शेवटचा भाग विसरू नका. तो नसेल तर डेसिमलसुद्धा समकडेच जातो, आणि ही चूक चाचणीत लपते: २.६७५ चे २.६८ बरोबर दिसतात, २.६६५ चे मात्र २.६६ होतात. जीएसटीत हाफ अपच धरा. सीजीएसटी कायद्याचं कलम १७० रक्कम रुपयात आणताना ५० पैसे वरच ढकलतं.

प्रश्न:
१०० ने गुणून ०.५ मिळवायचं, फ्लोअर (खालचा पूर्णांक) घ्यायचा आणि १०० ने भागायचं, एवढ्यावर भागणार नाही का?

उत्तर:
नाही. २.६७५ ला चालतं, १.००५ ला फसतं: १.००५ * १०० हे १००.४९९९९९९९९९९९९९ येतं आणि उत्तर १.००. क्रेडिट नोटची (बिलातली रक्कम परत वळती करणाऱ्या कागदाची) ऋण रक्कम असेल तर -१.१२५ चे -१.१२ होतात, म्हणजे मूळ बिलाचे १.१३ पूर्ण वळते होत नाहीत. राउंड_हाफ_अप -१.१३ देतो.

आणखी एक जागा बघा. १.१२५ च्या तीन ओळी वेगवेगळ्या राउंड केल्या तर बेरीज ३.३९, आधी बेरीज केली तर ३.३७५ चे ३.३८. माझ्या मते छापलेल्या ओळींची बेरीजच एकूण म्हणून दाखवावी, गिऱ्हाईक कॅल्क्युलेटर घेऊन तेच करून बघतं. डेटाबेसचा कॉलमही न्यूमरिक (दशांश अचूक ठेवणारा) ठेवा. तो फ्लोट राहिला तर वाचताना सगळं पुन्हा पहिल्यासारखं होईल.