बाबांची जुनी चेनसॉ: बांधून घेऊ की भंगारात देऊ?

दापोलीचा_पाहुणा:
घरी बाबांची स्टील ०७० आहे (जर्मन कंपनी, आपलं पोलादाचं स्टील नव्हे). १०६ सीसी. जून २०२० च्या निसर्ग वादळात वाडीतले आंबे-फणस आडवे झाले ते सगळे हिनेच कापले, नंतर जी पडवीत पडली ती पडलीच. परवा उघडली तर टाकीत पेट्रोलचा डिंक, पाइप हात लावला की तुकडा पडतोय, पिस्टनला सायलेन्सरच्या बाजूने ओरखडे. फिटर म्हणतो सोडा, नवीन घ्या. मी म्हणतो पिस्टन, रिंगा, दोन ऑइल सील, कार्बोरेटरचं डायफ्रॅम किट, शिवाय ठिणगीचे जुने पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवतो. आत्ताच्या प्लॅस्टिकच्या खेळण्यांपेक्षा ही जास्त टिकेल. पटतंय का?

फणसाचा_गरा:
अजिबात नाही. त्या मशीनला चेन ब्रेक (मशीन उसळलं की चेन जागीच थांबवणारा) नाही, हादरे खाणारे रबर नाहीत, वजन बार (चेन फिरते ती लांब पट्टी) न लावताच १० किलोच्या वर. सगळं नवं घालशील रे, ब्रेक कुठून आणशील? माझ्या काकांच्या खांद्याला सात टाके आहेत, अशाच एका बिनब्रेकच्या जुन्या कटरचे.

दापोलीचा_पाहुणा:
बाबांनी इतकी वर्षं चालवली, काही झालं नाही. बारच्या नाकाने, म्हणजे टोकाने, कापलं तर मशीन अंगावर उसळतं; तेवढं टाळलं की बास.

फणसाचा_गरा:
वादळात पडलेली झाडं एकमेकांत गुंतलेली असतात, मागच्या फांदीला नाक कधी टेकतं ते कळतं का तुला? आणि हाताला तासभर मुंग्या येतात त्याचं काय? बाबांना विचार एकदा.

टू_स्ट्रोक_अण्णा:
भांडा तुम्ही, पण ओरखडे आले कशामुळे ते कुणीच विचारत नाहीये. नुसता पिस्टन घातलात तर नवा पण तसाच जाईल. एकतर पेट्रोलमध्ये ऑइल कमी पडलं (कंपनीचं ऑइल असेल तर लिटरला २० मिली, साधं टू-स्ट्रोक असेल तर ४० मिली, आणि आपल्याकडे झाकणाने अंदाजपंचे ओततात), नाहीतर सीलमधून हवा ओढून इंजिन कोरडं चाललं. इनटेक-एक्झॉस्ट बंद करून थोडी हवा भरा, सीलवर साबणाचं पाणी सोडा, बुडबुडे सांगतील. सिलिंडर लगेच फेकू नका, बऱ्याचदा पिस्टनचं अॅल्युमिनियमच चिकटलेलं असतं, बारीक पॉलिश पेपरने हळूहळू निघतं. आतलं कोटिंग उडालं असेल तर मात्र विषय संपला. आणि पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं, त्यामुळे काम झालं की टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायची.

लाल_माती:
अण्णा बरोबर. मी ऑनलाइन स्वस्तातलं डुप्लिकेट पिस्टन-सिलिंडर किट घातलं होतं, पोर्टच्या (सिलिंडरमधल्या हवा-धूर जाण्याच्या भोकांच्या) कडा इतक्या धारदार की पहिल्याच पावसाळ्याआधी रिंग अडकून तुटली. पण मला मुळात कळत नाही, १०६ सीसी घेऊन सुपाऱ्या नि जळाऊ फाटी तोडणार का तुम्ही? त्याला ५० सीसीची ब्रेकवाली पुरे.

दापोलीचा_पाहुणा:
हे मात्र खरं, रोजच्या कामाला मी पण कंटाळेन उचलायला. मग काय, शोकेसमध्ये ठेवू?

टू_स्ट्रोक_अण्णा:
फळ्या पाडा की! लांब बार, लोखंडी फ्रेम, मशीन आडवं करून ओंडक्यावरून सरकवायचं. फ्रेममध्ये बारची दोन्ही टोकं आवळलेली राहतात. हिची खरी ताकद तिथेच कामाला येते, लहान मशीन धापा टाकतं. फक्त चेन रिपिंगची (ओंडका लांबीत चिरायची) घ्या, १० अंशाची धार, नेहमीच्या ३० ने फळी खरबरीत निघते.

फणसाचा_गरा:
फ्रेममध्ये असेल तर माझं तोंड बंद. पण हातात घेऊन झाडावर चढलास तर काकांना घेऊन येईन तिथे. आणि फणसाच्या फळ्या पडल्या तर दोन मला ठेव, देवघर करायचंय.